अ‍ॅपलाचियन ट्रेल : राखणीतून टिकलेली वाट

अमेरिकेच्या पूर्वेकडील अ‍ॅपलाचियन ट्रेल ही जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेन राज्यातल्या कटाडिन शिखरापर्यंत जाणारी सुमारे ३,५०० किलोमीटरची डोंगरवाट आहे. ती १४ राज्यांतून जाते. जमीन बहुतांशी सरकारी आहे, पण झाडांवर दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच पांढरे पट्टे रंगवण्यापासून दगडी पायऱ्या बसवण्यापर्यंतचे बरेचसे काम बिनपगारी स्वयंसेवक करतात.

वाटेची कल्पना बेंटन मॅकाय यांनी १९२१ मध्ये एका वास्तुशास्त्रीय नियतकालिकात मांडली. १९२५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये अ‍ॅपलाचियन ट्रेल कॉन्फरन्स स्थापन झाली; तीच आजची अ‍ॅपलाचियन ट्रेल कॉन्झर्व्हन्सी. कल्पना जमिनीवर आली ती मात्र मायरन एव्हरी या वकिलामुळे. मोजणीचे चाक ढकलत ते डोंगर पालथे घालत आणि जागोजागी हायकिंग क्लब उभे करत. वाटेशेजारून मोटाररस्ता काढण्याच्या प्रश्नावर त्यांचे आणि मॅकाय यांचे कायमचे बिनसले. १९३७ मध्ये वाट सलग झाली. एव्हरींची क्लबांची बांधणी या दोघांच्या भांडणापेक्षा टिकाऊ ठरली: आजही सुमारे तीस क्लबांनी वाट आपसांत वाटून घेतली आहे. १९६८ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय दर्जा मिळाला, आणि १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेने आपल्या ताब्यातल्या पट्ट्याची दैनंदिन व्यवस्था ट्रेल कॉन्फरन्स या स्वयंसेवी संस्थेकडे सोपवली. सरकारी खात्याने एवढा विश्वास टाकल्याची उदाहरणे फारशी नाहीत.

क्लब आपला हिस्सा आणखी तोडून एकेका माणसाकडे किंवा जोडीकडे देतात. सहसा तो काही मैलांचाच असतो. राखणदार वर्षातून अनेकदा तिथे जाऊन वाढलेली झुडपे छाटतो, आडवी पडलेली झाडे कळवतो, पुसट झालेले पट्टे पुन्हा रंगवतो. ही वाटणी दिसते साधी, पण व्यवस्थेचा सगळा भार तिच्यावर आहे. ‘वाट सगळ्यांची’ म्हटले की चर कोणीच साफ करत नाही. ‘हा तुकडा तुमचा’ म्हटले की माणूस पावसानंतर स्वतःहून बघायला जातो.

नव्या माणसाला शिकवण्याचा मोठा भाग पाण्याबद्दल असतो. वाटेचा खरा शत्रू पावले नव्हेत, पाणी. उतारावरून सरळ खाली जाणारी वाट पावसात ओहोळ होते. माती वाहून गेली की मुळे आणि धोंडे उघडे पडतात. लोक ते टाळून कडेने चालतात आणि वाट रुंदावत जाते. म्हणून वाट डोंगराच्या कुशीला आडवी घेतात आणि तिचा चढ मूळ उताराच्या निम्म्याहून कमी ठेवतात. पृष्ठभाग दरीच्या बाजूला किंचित कलता ठेवला की पाणी वाटेवरून न वाहता तिला ओलांडून जाते. जिथे हे जमत नाही तिथे दगड किंवा ओंडका तिरपा गाडून पाणी बाहेर काढतात. असा बांध घालण्यापेक्षा त्यामागचा गाळ वेळेवर उपसणे महत्त्वाचे, आणि नेमके तेच कंटाळवाणे.

हत्यारांत पुलास्की सर्वांच्या हाती असते: एका बाजूला कुऱ्हाड, दुसऱ्या बाजूला कुदळीसारखे आडवे पाते. एड पुलास्की या वनरक्षकाचे नाव असलेले हे अवजार मुळात वणवा विझवणाऱ्यांचे. करवतीसाठी नियम कडक आहेत. सरकारी जंगलात झाड कापणाऱ्याला प्रथमोपचाराचे शिक्षण आणि प्रत्यक्ष परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावे लागते. १९६४ च्या कायद्याने राखलेल्या ‘वाइल्डरनेस’ भागांत यंत्रकरवतीला बंदी असल्याने तिथे हातकरवतच चालते, बहुधा दोघांनी ओढायची लांब करवत. दोन्ही टोकांना टेकलेल्या ओंडक्याची वरची बाजू दाबाखाली असते, खालची ताणाखाली. वरून थेट कापत गेल्यास करवत आवळून अडकते. म्हणून आधी वरून थोडे कापून पाचर ठोकतात किंवा उरलेला काप खालून घेतात. हा अंदाज पुस्तकातून येत नाही, जाणत्याबरोबर करवत ओढूनच येतो.

एकट्या राखणदाराला न पेलणारी कामे फिरत्या तुकड्यांकडे जातात. १९८३ मध्ये व्हर्जिनियात सुरू झालेली कोनारॉक तुकडी त्यांतली नावाजलेली. जेवण, तंबू, अवजारे आणि अनुभवी प्रमुख पुरवले जातात. विद्यार्थी आणि निवृत्त माणसे एकाच पहारीला हात लावून धोंडे हलवतात. दिवसाची सुरुवात सुरक्षेच्या सूचनांनी होते: अवजार कसे धरून चालायचे, दोघांत अंतर किती, कोणी थांबायचे. नोंदणी केलेल्या स्वयंसेवकाला काम करताना इजा झाल्यास सरकारी भरपाईचे संरक्षण असते. ओळखी मात्र संध्याकाळच्या स्वयंपाकात होतात, आणि पुढच्या वर्षी माणूस परत येतो तो बहुधा त्यामुळेच.

सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन चक्रीवादळाने नॉर्थ कॅरोलायना, टेनेसी आणि व्हर्जिनियातल्या लांबच लांब पट्ट्यांवर हजारो झाडे आडवी केली. त्यानंतर करवतीची प्रमाणपत्रे असलेल्या माणसांची मागणी सर्वांत आधी वाढली.