फाल्गुनातील डोंगरयात्रा : चार गडांच्या वाटेतील कोणता टप्पा निवडावा?

होळी जवळ आली की पुण्या-मुंबईच्या भटक्यांमध्ये एक जुना बेत पुन्हा डोके वर काढतो. सिंहगडावरून निघायचे, राजगड गाठायचा, तेथून तोरणा आणि शेवटी कोकणात उतरून रायगड. सह्याद्रीत लांब पल्ल्याच्या वाटा अनेक आहेत. परंतु या वाटेइतकी ओढ फार थोड्या वाटांनी लावली असेल. स्वराज्याच्या जुन्या राजधानीपासून नव्या राजधानीपर्यंत पायी जाण्याचे समाधान तीत आहे. शिवाय १६६५च्या पुरंदरच्या तहात कोंढाणा मोगलांच्या हाती गेला, तर राजगड, तोरणा आणि रायगड हे तिन्ही गड महाराजांकडेच राहिले, हा इतिहासही वाटेवर सोबत करतो. जुलै २०२५मध्ये राजगड व रायगड जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाल्यानंतर या परिसराकडे वळणारी पावले वाढणे स्वाभाविकच आहे.

ही संपूर्ण वाट चालण्यास चार ते पाच दिवस लागतात. नोकरदार माणसाला एवढी सवड सहसा नसते. त्यामुळे शनिवार-रविवारी जमेल तो एक टप्पा निवडला जातो. ही निवड बहुधा अंतर आणि गाडीची सोय एवढेच पाहून होते. पावसाळ्यानंतर किंवा थंडीत तेवढे पुरतेही. फाल्गुन-चैत्रात मात्र अंतराआधी दोन प्रश्न विचारावे लागतात. पाणी कोठे आहे, आणि सकाळी दहानंतर सावली कोठे आहे?

पंचांगातील वसंत चैत्र-वैशाखाचा. डोंगरातला वसंत त्याच्या आधीच येतो आणि लवकर उरकतो. काटेसावर, पांगारा आणि पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये पेटल्यासारखे फुलतात. करवंदीच्या जाळ्यांना पांढरी फुले येतात, कुंभा बहरतो, त्यापाठोपाठ अंजनीची निळी फुले खोडाला बिलगून उमलतात. हे सारे पाहायचे तर फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतचा काळ उत्तम. त्यानंतर गवताचा पिवळा रंग करडा होऊ लागतो आणि कातळ तापू लागतो. पुण्यापेक्षा गडमाथा साडेसातशे-आठशे मीटर उंच असल्याने तेथे हवा चार-पाच अंशांनी थंड असते, हे खरे. पण तो आकडा सावलीतल्या हवेचा आहे. उघड्या धारेवर चालणाऱ्याला वरून ऊन आणि खालून कातळाची धग अशी दोन्ही बाजूंनी झळ बसते. तेथे हा फरक कामी येत नाही.

सिंहगड ते राजगड : अंतर आडवे येते

पहिला टप्पा कागदावर सर्वांत सोपा दिसतो. सिंहगड पुण्याच्या अगदी जवळ आहे, देवटाक्याचे पाणी प्रसिद्ध आहे आणि कल्याण दरवाजातून बाहेर पडले की वाट डोंगराच्या धारेला लागते. विजेच्या तारांचे मनोरे दिशा दाखवतात. पुढे विंझरच्या बाजूला उतरून गुंजवण्याकडे वळायचे. दोन्ही गडांमधील सरळ रेषेतील अंतरच पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे; प्रत्यक्ष चाल वीस किलोमीटरहून अधिक पडते आणि त्यानंतर राजगडाची चढण शिल्लक राहते.

अडचण चढणीची नाही. या धारेवर झाडी अत्यंत विरळ आहे. सुकलेल्या गवतावरून बूट घसरतात, ढोरवाटांचे फाटे फुटलेले असतात आणि उतरणीला घसारा लागतो. खाली उतरल्यावर डांबरी रस्त्याची चाल येते, ती नेमकी भर दुपारी. फेब्रुवारीत पहाटे चार वाजता निघणाऱ्या सरावलेल्या तुकडीने हा टप्पा जरूर करावा. मार्चच्या मध्यानंतर तो रात्रीच्या चालीसाठीच राखून ठेवावा; तोही पौर्णिमेच्या आसपास आणि वाट माहीत असलेला माणूस बरोबर असेल तरच. घरातील मुलांना पहिल्यांदा डोंगर दाखवायला निघालेल्यांनी येथे येऊ नये.

राजगड ते तोरणा : या दिवसांतील योग्य निवड

फाल्गुनात एकच टप्पा निवडायचा झाला तर तो राजगड-तोरण्याचा. दोन्ही गड सरळ रेषेत सात किलोमीटरच्या आसपास दूर आहेत. धारेने चालताना हे अंतर बारा किलोमीटरच्या घरात जाते. सरावाच्या माणसाला पाच ते सहा तास, नवख्याला सात किंवा अधिक. पण या टप्प्याचे खरे बळ त्याच्या दोन टोकांना आहे. राजगडाच्या पद्मावती माचीवर मंदिरासमोरील टाक्यांत आणि तोरण्यावर मेंगाई देवीच्या मंदिराजवळील टाक्यात पिण्याचे पाणी एरवी वर्षभर मिळते. पद्मावती तलावातील पाणी मात्र पिण्याचे नव्हे. ऐन उन्हाळ्यात टाक्यांची पातळी किती उतरली आहे, हे गुंजवणे किंवा वेल्हे येथे चढण्यापूर्वी विचारून घ्यावे. गावकऱ्यांचे रोजचे जाणे-येणे असते. त्यांचे उत्तर कोणत्याही नकाशापेक्षा ताजे असते.

मधल्या वाटेवर भरवशाचे पाणी नाही, हे गृहीत धरूनच निघावे. एखाद्या धनगराच्या घरी ताक किंवा लिंबू सरबत मिळते. मिळाले तर आनंद मानावा, पण त्यावर हिशेब बांधू नये. मार्चनंतर या घरांना स्वतःचेच पाणी दुरून डोक्यावर आणावे लागते. शहरातून आलेल्या दहा जणांनी तेथे बाटल्या भरून मागणे म्हणजे त्या घराची एक खेप वाया घालवणे होय. माणशी किमान चार लिटर पाणी घेऊन राजगड सोडावा. चार लिटर म्हणजे पाठीवर चार किलो. तेव्हा बाकीचे सामान कमी करणे ओघानेच आले.

दिशेचाही विचार करावा लागतो. तोरणा राजगडाच्या पश्चिमेस, किंचित वायव्येकडे आहे. सकाळी राजगडाकडून निघाल्यास ऊन पाठीवर राहते. संजीवनी माचीवरून उतरताना आणि पुढील धारेवर डोळ्यांवर तिरीप येत नाही. शिवाय चाल वेल्ह्यात संपते, आणि पुण्याकडे परतण्याची सोय त्या बाजूला अधिक आहे. उलट दिशेने चालणारेही पुष्कळ आहेत, त्यांचे म्हणणे तोरण्याची मोठी चढण पहाटेच्या गारव्यात उरकते असे. हा युक्तिवाद चुकीचा नाही. तोरण्याची उंची १,४०३ मीटर आहे आणि राजगडाकडून येणाऱ्याला बुधला माचीचा शेवटचा खडकाळ चढ नेमका सर्वांत तापलेल्या वेळी लागतो. म्हणूनच राजगडाची माची उजाडताच सोडता येत असेल तरच ही दिशा घ्यावी. आठ वाजता न्याहारी करून निघणाऱ्यांनी ती घेऊ नये.

येथे मुक्कामाचा प्रश्न येतो. पूर्वी भटक्यांचा मुक्काम पद्मावती मंदिरात ठरलेला असे. राजगड राज्याच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालील स्मारक आहे आणि गडावर रात्र काढण्याविषयीचे नियम ‘पूर्वी राहिलो होतो’ या आठवणीवर चालत नाहीत. निघण्यापूर्वी चौकशी करावी. परवानगी नसेल तर गुंजवण्यात रात्र काढून पहाटे चारला बॅटरीच्या उजेडात चोर दरवाजाची वाट धरावी, किंवा पालीच्या बाजूने राजमार्गाने चढावे. साडेसहाच्या सुमारास माची, आठपर्यंत संजीवनीचे टोक, दहाच्या आत मधली खिंड, असा हिशेब बसला तर दुपारी एकपूर्वी तोरण्यावर पोहोचता येते.

या खिंडीचे महत्त्व ध्यानात ठेवावे. वेल्हे आणि भुतोंडे या दोन बाजूंना जोडणारा डांबरी रस्ता तेथून जातो. या टप्प्यातील हीच एक सुटकेची जागा. कोणाचे डोके दुखू लागले असेल, पाणी निम्म्याहून अधिक संपले असेल किंवा घड्याळात अकरा वाजले असतील, तर तोरण्याचा मोह सोडून तेथेच उतरावे. पुढे गेल्यावर बुधल्यापर्यंत मधूनच सोडून देण्याजोगी सोपी वाट नाही. एप्रिलमध्ये जाणाऱ्यांनी तर खिंडीत गाडी बोलावून केवळ राजगड ते खिंड एवढाच अर्धा टप्पा करावा. संजीवनी माचीची चिलखती तटबंदी सकाळच्या उन्हात निवांत पाहणे, हा काही कमी लाभ नव्हे.

तोरणा ते रायगड : थंडीची वाट

तिसरा टप्पा सर्वांत देखणा आणि या ऋतूत सर्वांत फसवा. सरळ रेषेत वीस किलोमीटरच्या आसपास असलेले अंतर वाटेने जवळपास दुप्पट होते. मोहरी-सिंगापूरच्या पठारावरून लिंगाण्याचा सुळका आणि त्यामागे रायगड दिसतो, तेव्हा आता पोहोचलोच असे वाटते. प्रत्यक्षात त्यानंतर नाळ उतरायची असते. सिंगापूरची नाळ दापोली गावाकडे उतरते. बोराट्याची नाळ लिंगाण्याच्या खिंडीकडे नेते आणि पुढे पाने गाव लागते. दोन्ही ठिकाणी घाटमाथ्याचा वारा मागे राहतो. नाळेच्या दोन्ही भिंती पश्चिमेच्या उन्हात तापतात, दगडधोंड्यांतून पावले मोजत उतरावे लागते आणि खाली कोकणातील दमट हवा वाट पाहत असते. दमट हवेत घाम वाळत नाही, घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. त्यातच समोर रायगडाची सुमारे चौदाशे पायऱ्यांची चढण. पायऱ्या टाळण्यासाठी रोपवे आहे, पण तेथवर पोहोचायचे पायीच.

डिसेंबर-जानेवारीत हा टप्पा अवश्य करावा. फेब्रुवारीअखेरीनंतर वाटाड्या आणि दोन दिवसांची निवांत सवड नसेल तर तो पुढच्या थंडीसाठी ठेवावा.

मोहोळ, वणवा आणि उष्माघात

टप्पा कोणताही असो, या दिवसांत कडेकपारींना आग्या मोहोळे लटकलेली असतात. राजगडावर सुवेळा माचीच्या नेढ्याकडे जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. धूर, उग्र अत्तर, आरडाओरडा आणि दगडफेक यांनी माशा उठतात. एकदा उठल्या की डोके-चेहरा कापडाने झाकून त्या जागेपासून दूर जाणे, एवढाच उपाय हाती उरतो. कड्यालगत धावण्याने मोहोळापेक्षा मोठा अपघात होतो. चूल पेटवण्याचा हट्टही सोडावा. भारतीय वन अधिनियम, १९२७नुसार राखीव वनात आग लावणे गुन्हा आहे. वाळक्या गवतात एक ठिणगी पडली तर मागच्या तुकडीची वाट बंद होते, आणि जनावरांची वैरण जळते ती वेगळीच. दशमी, गूळ-शेंगदाणे, काकडी, संत्री यांवर एक दिवस सहज निघतो.

उष्माघात एकाएकी होत नाही. आधी माणूस चिडचिडा होतो, मागे पडू लागतो, पाणी नको म्हणतो. मळमळ आणि पायांत गोळे येतात. येथेच सावलीत थांबून जलसंजीवनी पाजली तर गाडी रुळावर येते. बोलणे असंबद्ध झाले, तोल जाऊ लागला, अंग भाजल्यासारखे तापले, तर मात्र एक क्षणही दवडू नये. कपडे सैल करून अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा, मान व काखा ओल्या कराव्यात. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका पायथ्यापर्यंतच येऊ शकते; धारेवरून माणूस झोळीत खाली आणण्यास कित्येक तास लागतात आणि दूरध्वनीची रेंज सर्वत्र मिळेलच असे नाही. तुकडीतील सर्वांत मंद चालणाऱ्याला पुढे ठेवण्याची जुनी पद्धत याच कारणाने पडली आहे.

तोरण्यावर पोहोचल्यावर मंदिराच्या सावलीत चार वाजेपर्यंत विश्रांती घ्यावी. वेल्ह्याची उतरण दोन तासांची आहे, आणि मार्चमध्ये सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. पुण्याला जाणाऱ्या शेवटच्या एसटीची वेळ मात्र आदल्या दिवशीच विचारून ठेवावी. ती चुकली तर वेल्ह्यातच रात्र काढण्याची तयारी असावी.