जुळ्या कोकरांचं अक्षर

मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावर एक जागा आहे. बहुतेक मेंढ्यांमध्ये तिथे डीएनएचं ‘ए’ हे अक्षर असतं, काही मेंढ्यांमध्ये त्याच जागी ‘जी’ असतं. मेंढीचा सगळा जनुकसंच अडीच अब्जांहून अधिक अक्षरांचा. एवढ्या पसाऱ्यात फक्त एका अक्षराचा फरक, आणि त्यानं एका वेताला एकच कोकरू देणारी मेंढी जुळी देऊ लागते, कधी तिळीही.

पशुजनुकशास्त्रात पीएच.डी. करण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं की मला आधी या अक्षराची गोष्ट सांगावीशी वाटते. ती बंगालच्या खाडीकाठी सुरू होते, ऑस्ट्रेलियाला जाते आणि आपल्या फलटणला येऊन पोचते.

आधी ते अक्षर करतं काय, ते पाहू. मेंढी साधारण सतरा दिवसांनी माजावर येते. प्रत्येक चक्रात तिच्या अंडाशयात अनेक पुटिका एकदम वाढायला लागतात. पुटिका म्हणजे अंडपेशी आणि तिला पोसणाऱ्या पेशींची इवलीशी पिशवी. या वाढीला एफएसएच नावाचं संप्रेरक लागतं आणि ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून येतं. एखादी पुटिका बाकीच्यांच्या पुढे जाते, तिच्यातल्या पेशी इस्ट्रोजेन आणि इनहिबिन सोडतात, ती पियुषिकेपर्यंत पोचतात आणि एफएसएचचा पुरवठा आटतो. मागे राहिलेल्या पुटिका सुकून जातात. अंडं एकच सुटतं, म्हणून कोकरू एकच होतं.

‘जी’ अक्षर ज्या जनुकात आहे ते बीएमपीआर-१बी नावाचं प्रथिन घडवतं. पुटिकेतल्या पेशींना बाहेरून येणारे संदेश या प्रथिनामार्फत मिळतात. अक्षर बदललं की या प्रथिनातलं २४९वं अमिनो आम्ल बदलतं, ग्लुटामिनच्या जागी आर्जिनिन येतं. त्यामुळे पुटिका लवकर पक्व होतात. आकारानं लहान असतानाच, आत पुरेशा पेशी जमण्याआधीच, त्या अंडं सोडायला तयार होतात. लहान पुटिका संप्रेरकही थोडंच सोडते, त्यामुळे एफएसएच लगेच आटत नाही आणि शेजारच्या पुटिकेलाही पक्व व्हायला सवड मिळते. मला थक्क करतो तो यापुढचा हिशेब. अशा मेंढीच्या दोन-तीन छोट्या पुटिकांमधल्या पेशींची बेरीज साध्या मेंढीच्या एका मोठ्या पुटिकेतल्या पेशींच्या जवळपास येते. पियुषिकेला मिळणारा निरोप दोन्हीकडे साधारण सारखाच, पण एकीकडे त्या निरोपामागे एक अंडं असतं आणि दुसरीकडे दोन किंवा तीन. शरीराचा समतोल ढळत नाही आणि तरी जुळी जन्माला येतात.

प्रत्येक जनुक इतकं उदार नसतं. न्यूझीलंडच्या इन्व्हरडेल मेंढ्यांमध्ये बीएमपी-१५ या दुसऱ्या जनुकात बदल आहे. त्याची एक प्रत असलेली मादी अधिक जुळी देते. दोन प्रती आल्या तर तिच्या पुटिका वाढतच नाहीत आणि ती वांझ राहते. आपल्या गोष्टीतल्या अक्षराच्या दोन प्रती आल्या तर वांझपण येत नाही, अंडी आणखी वाढतात.

आता या अक्षराचा शोध. न्यू साउथ वेल्समध्ये कूमा गावाजवळ बुरूला नावाचं मेंढ्यांचं रान होतं. तिथले मालक सिअर्स बंधू जुळी-तिळी देणाऱ्या मेरिनो मेंढ्या निवडून निवडून सांभाळत. १९५८च्या सुमारास त्यांनी एका वेताच्या पाच कोकरांपैकी एक मेंढा सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेला दिला. तिथे हेलन न्यूटन टर्नर या विदुषीने आणि पुढे आर्मिडेलमध्ये लॉरी पायपर आणि बर्नी बिंडन यांनी या मेंढ्यांवर काम केलं. वेताला किती कोकरं होणार, हे असंख्य जनुकांच्या बारीकसारीक प्रभावातून ठरतं आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा थोडाच असतो, असा तेव्हाचा समज होता. १९८०च्या आसपास पायपर आणि बिंडन यांनी आणि न्यूझीलंडमध्ये जॉर्ज डेव्हिस यांनी दाखवलं की बुरूला मेंढ्यांमध्ये एकच मोठं जनुक काम करतंय. त्याला फेक-बी हे नाव मिळालं. हाती डीएनए नव्हता. अंड्यांच्या मोजण्या, कोकरांच्या नोंदी आणि पिढ्यांचा हिशेब एवढ्यावर त्यांनी हा निष्कर्ष काढला.

ते गुणसूत्रावर नेमकं कुठे बसलंय, हे शोधायला आणखी एक दशक गेलं. १९९३मध्ये न्यूझीलंडच्या गटाने त्याचा माग माणसाच्या चौथ्या गुणसूत्रावरच्या खुणांच्या आधाराने काढला. माणूस आणि मेंढी यांच्या जनुकसंचातले मोठे पट्टे एकाच क्रमाने टिकून राहिलेत, म्हणून हे जमलं. अखेर २००१मध्ये न्यूझीलंड, फ्रान्स आणि एडिंबरा इथल्या तीन गटांनी स्वतंत्रपणे तेच एक अक्षर गाठलं.

पण मेरिनो मेंढीत हे आलं कुठून? मेरिनो काही जुळ्यांसाठी प्रसिद्ध नाही. टर्नर आणि त्यांचे सहकारी जुन्या नोंदींकडे वळले. सिडनीची वसाहत १७८८ सालची. १७९२-९३च्या सुमारास तिथे कलकत्त्याहून जहाजांनी बंगालची मेंढरं नेली होती, खाण्यासाठी. पुढे मेरिनो आले आणि या मेंढरांचं रक्त त्यांच्यात मिसळलं. फेक-बी बंगालमधून आलं असावं, असा तर्क निघाला. सुंदरबनातली गरोल मेंढी अजूनही आहे. दलदलीत, गुडघाभर पाण्यात चरणारी, जेमतेम दहा-पंधरा किलोंची आणि सर्रास जुळी-तिळी देणारी. २००२मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या बहुप्रसव मेंढ्यांचा डीएनए तपासला गेला तेव्हा गरोलमध्ये तेच अक्षर, त्याच जागी सापडलं. खाण्यासाठी जहाजावर चढवलेल्या मेंढरांतलं एक अक्षर दोनशे वर्षं पिढ्यान् पिढ्या पुढे सरकत राहिलं होतं. मला तर ही इतिहासाची आणि जीवशास्त्राची एकाच वेळी मिळालेली साक्ष वाटते.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने, म्हणजे नारीने, १९९०च्या दशकातच सुंदरबनातून गरोल मेंढ्या आणल्या होत्या, डीएनएचा पुरावा हाती यायच्या आधी. बनबिहारी निंबकर यांनी १९६८मध्ये स्थापन केलेली ही संस्था. आसपासचा मुलूख दख्खनी मेंढीचा. काळ्या राठ लोकरीची, उन्हातान्हात मैलोन् मैल चालणारी ही मेंढी वेताला बहुधा एकच कोकरू देते. पूर्वी लोकरीला, घोंगडीला मोल होतं. आता धनगराची कमाई मुख्यतः कोकरांच्या विक्रीवर, त्यात शेतात मेंढ्या बसवून लेंडीखताचे मिळतील ते पैसे. म्हणजे कोकरांची संख्या वाढली तरच मिळकत वाढते.

नुसता गरोल आणि दख्खनीचा संकर केला असता तर कोकरं वाढली असती, पण मेंढी खुरटी झाली असती. म्हणून काम असं चाललं. संकरातली पिढी पुन्हा दख्खनीशी लावायची, तिची पिल्लं पुन्हा दख्खनीशी. दर पिढीला गरोलचा अंश निम्मा होतो, पन्नास टक्क्यांचा पंचवीस, मग साडेबारा, मग सव्वासहा. तेवढं एक अक्षर मात्र हातून निसटू द्यायचं नाही. अडचण अशी की दर पिढीत निम्म्याच पिल्लांत ते अक्षर उतरतं आणि कोणत्या, ते वरून दिसत नाही. मादीच्या अंडाशयात दुर्बिणीने पाहून किती अंडी सुटली ते मोजता येतं. मेंढ्याचं काय? तो स्वतः वीत नाही. त्याच्या लेकी मोठ्या होऊन वेईपर्यंत थांबायचं, म्हणजे काही वर्षं गेली.

२००१नंतर हे थांबणं संपलं. रक्ताच्या थोड्या थेंबांतून जनुकाचा १९० अक्षरांचा तुकडा वाढवायचा आणि त्यात एक विकर घालायचं. ‘जी’ असेल तर विकर तुकडा कापतं आणि १६० अक्षरांचा भाग वेगळा दिसतो. ‘ए’ असेल तर तुकडा अखंड राहतो. दोन्ही पट्टे दिसले तर एक प्रत आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत नारीच्या मेंढ्यांच्या अशा चाचण्या झाल्या. ऑस्ट्रेलियातल्या न्यू इंग्लंड विद्यापीठाचा या कामात सहभाग होता आणि डॉ. चंदा निंबकर यांनी त्याच विद्यापीठात दख्खनी मेंढीच्या सुधारणेवर पीएच.डी. केली. या कामातून उभ्या राहिलेल्या वाणाचं नाव नारी सुवर्णा.

एक प्रत असलेल्या मेंढीत अंडी साधारण एकाऐवजी दोन सुटतात. दोन प्रती असतील तर तीनच्या आसपास, पण तिळ्यांना पुरेल एवढं दूध माळावर चरणाऱ्या मेंढीला कुठून यायचं? म्हणून धनगराच्या कळपात एका प्रतीचीच मेंढी हवी. दोन प्रतींचा मेंढा मात्र मोलाचा, कारण साध्या मेंढ्यांशी लावला तर त्याच्या प्रत्येक लेकीत नेमकी एक प्रत उतरते. हिशेब कागदावर सोपा आहे, पण निर्णय घ्यायचा असतो कळप घेऊन फिरणाऱ्या माणसाला. दुष्काळी सालात जुळी पोटाला भार होतात, चांगल्या पावसाच्या सालात तीच घर सावरतात. या विषयातल्या संशोधकाने मेंढपाळाचं हे गणित अंडाशयाच्या गणिताइतक्याच गंभीरपणे मांडायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

आता पीएच.डी.कडे येतो. फेक-बी सापडलं म्हणजे काम संपलं असं मुळीच नाही. दोन अंडी सुटूनही कित्येक मेंढ्या एकच कोकरू देतात. दुसरा गर्भ कुठे गळतो आणि का? जुळ्यांपैकी हलक्या वजनाचं कोकरू पहिल्या काही दिवसांत जगतं की मरतं, यात आईच्या जनुकांचा हात किती? दख्खनी मेंढी कमी चाऱ्यावर आणि चाळीस अंशांच्या उन्हात तग धरते, ते कशाच्या बळावर? उस्मानाबादी शेळी सर्रास जुळी देते, तिच्या जुळ्यांमागे काय आहे?

आणि जंतांचा प्रश्न आहेच. हिमाँकस नावाचा गोलकृमी मेंढीच्या पोटात रक्त पितो आणि पावसाळ्यात कळप खिळखिळे करतो. नारीच्या अभ्यासात गरोल रक्ताची कोकरं या जंतांना फारशी दाद देत नाहीत असं दिसलं होतं. जंतांचा प्रतिकार सहसा एका अक्षरात नसतो, अनेक ठिकाणी थोडा थोडा विखुरलेला असतो. तो पकडायला वेगळी पद्धत लागते. २००१मध्येच म्यूविसेन, हेज आणि गॉडार्ड या तिघांनी सुचवलं की एकेक जनुक हुडकत बसण्यापेक्षा सगळ्या जनुकसंचावरच्या हजारो खुणा एकत्र वापरून जनावराची आनुवंशिक कुवत आजमावता येईल. दुधाळ गाईंच्या पैदाशीचं जगभरातलं तंत्र या एका कल्पनेने बदललं.

मेंढ्यांसाठीही पन्नास हजारांहून अधिक खुणा वाचणारी चिप आली. २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात ७४ जातींच्या २,८१९ मेंढ्या तपासल्या गेल्या. त्यात आपली दख्खनी होती, गरोलही होती. पण चिप हे नुसतं साधन आहे. तिच्यातून निघणाऱ्या आकड्यांना अर्थ येतो तो नोंदींमुळे. कोणत्या मेंढीला कोणत्या तारखेला किती वजनाचं कोकरू झालं, त्याचा बाप कोण, त्याच्या लेंडीत एका ग्रॅमला जंतांची किती अंडी निघाली. ही शेवटची नोंद करायला कुणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली लेंडी घेऊन बसावं लागतं आणि बहुतेक वेळा तो पीएच.डी.चा विद्यार्थीच असतो. म्हणून हा विषय मला जिवंत वाटतो. सकाळी वाड्यावर कोकरांच्या कानातले बिल्ले तपासायचे, रात्री संगणकावर लाखो आकड्यांचे संच सोडवायचे. दोन्ही ज्याला आवडतं त्याने इकडे जरूर यावं.

वाटा बऱ्याच आहेत. पशुवैद्यकाची पदवी आणि त्यानंतर पशुजनुकशास्त्र व पैदास या विषयात पदव्युत्तर पदवी, ही सरळ वाट. जैवतंत्रज्ञान, संख्याशास्त्र किंवा संगणकशास्त्रातून येणाऱ्यांचीही गरज आहे, कारण कामाचा मोठा भाग आता गणिताचा झालाय. महाराष्ट्रात नागपूरचं पशुविज्ञान विद्यापीठ आणि त्याची मुंबई, शिरवळची महाविद्यालयं आहेत. बाहेर कर्नालला राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो, बरेलीजवळ इज्जतनगरला भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था, राजस्थानात अविकानगरला केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था. याच संस्थेने गरोलचं रक्त वापरून अविशान हा बहुप्रसव वाण तयार केला. परदेशात आर्मिडेलचं न्यू इंग्लंड विद्यापीठ, एडिंबराची रोझलिन संस्था, नेदरलँड्सचं वागेनिंगेन.

अर्ज करताना मार्गदर्शकाला शिष्यवृत्तीबद्दल विचाराच, पण त्याआधी तीन गोष्टी विचारा. कळप कुणाचा आहे, नोंदी किती वर्षांच्या आहेत आणि ज्यांच्या मेंढ्यांचं रक्त घेणार त्यांना निष्कर्ष कोण सांगणार आहे. चांगल्या मार्गदर्शकाकडे या तिन्हींची उत्तरं तयार असतात आणि पहिल्या दोहोंची वही तो तिथल्या तिथे उघडून दाखवतो.