भोसल्यांच्या वंशवृक्षात इंदापूर आणि सुपे

जर्मनीतल्या गोथा शहरातून १७६३ पासून युरोपातल्या राजघराण्यांची वार्षिक नोंदवही छापली जाऊ लागली. कोण कोणाचा मुलगा, कुणाची लेक कुठल्या घरात दिली, हे त्यात पाहायचं. भोसल्यांची अशी वही मांडायची, तर पहिली काही पानं इंदापूर आणि बारामती तालुक्यांतच उघडावी लागतील. आपण रायगड, सातारा, कोल्हापूर आठवतो आणि इंदापूर मागे राहतं, याची खंत वाटते.

बाबाजी भोसल्यांचे दोन मुलगे, मालोजी आणि विठोजी. वेरूळचं हे घर निजामशाहीच्या चाकरीत वर आलं. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार आणि शिखर शिंगणापूरचा तलाव ही मालोजींची कामं. त्यांच्या पत्नी उमाबाई फलटणच्या निंबाळकरांच्या. बारामतीहून नीरा ओलांडली की फलटण. ही सोयरीक पुढे टिकली: शिवरायांच्या राणी सईबाई याच घराण्यातल्या, आणि लेक सखुबाईही पुन्हा तिथेच, महादजी निंबाळकरांना दिली. वंशवृक्षात बापाकडून मुलाकडे रेघ जाते. या सुना-लेकींची घरं समासात राहतात. मला ती समासातली माणसंच महत्त्वाची वाटतात.

मालोजी इंदापूरच्या लढाईत पडले, असं कवींद्र परमानंदाचं ‘शिवभारत’ सांगतं. शहाजी आणि शरीफजी तेव्हा लहान होते. अशा वेळी दौलत हातची जाते, मुलं पोरकी होतात. इथे काका विठोजींनी त्यांना सांभाळलं. दोघांची नावं अहमदनगरच्या शाह शरीफ पीरावरून ठेवल्याचं परंपरा मानते. शरीफजी १६२४ मध्ये भातवडीला धारातीर्थी पडले, पण नाव वंशात राहिलं. तंजावरच्या गादीवर शहाजीराजांचे नातू, दुसरे शहाजी, यांच्यानंतर १७१२ मध्ये त्यांचे भाऊ सरफोजी, म्हणजे शरीफजीच, बसले. पणजोबांच्या घरातली ती जोडी पुन्हा उभी राहिली. जर्मनीच्या रॉइस घराण्यात तर प्रत्येक मुलाचं नाव हाइन्रिख, आणि ओळखायला क्रमांक!

तंजावरची ही फांदी बारामती तालुक्यातल्या सुप्याशी जोडलेली आहे. शहाजीराजांच्या दुसऱ्या राणी तुकाबाई मोहिते; त्यांचे भाऊ संभाजी मोहिते सुपे परगणा सांभाळत. १६५६ मध्ये शिवरायांनी सुपे घेतलं. शिमग्याचं पोस्त, म्हणजे सणाची बक्षिशी, मागायला म्हणून राजे मामांकडे गेले आणि त्यांना कैद केलं, असं सभासद बखर सांगते. नात्यातल्या माणसावर हात टाकणं सोपं नसतं. पण परगणा सावत्र मामाच्या हाती राहिला असता, तर पुणे-सुप्याची जहागीर एका मुठीत आली नसती. तुकाबाईंचे पुत्र व्यंकोजी पुढे तंजावरचे राजे झाले. १६७७ मध्ये तिरुमळवाडीला शिवराय आणि व्यंकोजी हे दोघे सावत्र भाऊ भेटले, ते वडिलांच्या दौलतीच्या वाटणीवरून.

याच शाखेतले दुसरे सरफोजी दत्तक आलेले. त्यांना वाढवण्या-शिकवण्यात प्रशियातून आलेल्या श्वार्ट्‌झ या मिशनऱ्याचा मोठा हात होता. गादीवर आल्यावर १८०३ मध्ये त्यांनी बृहदीश्वराच्या देवळात भोसले वंशाचं चरित्र मराठीत कोरून घेतलं. पूर्वजांच्या मुलखापासून इतक्या दूर, तमिळ देशातल्या भिंतींवर, इतकी लांबलचक मराठी! त्यातल्या जुन्या पिढ्यांच्या कथा तपासूनच घ्याव्या लागतात. तरी आपल्या घराचा माग सांगण्याची ती आच मला थोर वाटते.

त्यांचे पुत्र शिवाजी १८५५ मध्ये वारले. मुलगा नव्हता, मुली होत्या. कंपनी सरकारने मुलीचा हक्क मानला नाही आणि तंजावरचं राज्य खालसा केलं.