गाडीचं इंजिन तापायला किती वेळ लागतो? काटा मधे आला म्हणजे झालं, असं नाही

चाळीसगाव : डिसेंबर-जानेवारीत तालुक्यात पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास येतो, काही दिवस त्याच्याही खाली. अशा वेळी सेल मारायचा, गाडी अंगणात दहा मिनिटं चालू ठेवायची, तोवर चहा घ्यायचा, ही बऱ्याच घरांतली सवय. काही जण याच्या उलट, सेल मारला की लगेच गाडी ताणतात. इंजिनासाठी दोन्ही वाईट.

डॅशबोर्डवरचा काटा दाखवतो ते पाण्याचं, म्हणजे कूलंटचं तापमान. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट बंद राहतो, पाणी रेडिएटरकडे जात नाही, इंजिनातच फिरून तापतं. साधारण 80 ते 90 अंशांना तो उघडतो. पेट्रोल गाडी चालवत नेली तर पाच-दहा मिनिटांत काटा मधे येतो. डिझेलला जास्त वेळ लागतो. नुसती उभी ठेवली तर डिझेल इंजिन फारच हळू तापतं, कारण विनालोड चालताना त्यात डिझेल थोडं जळतं आणि हवा भरपूर जाते. काही गाड्यांत काट्याऐवजी निळा दिवा असतो. तो विझला म्हणजे पाणी कोमट झालं, एवढंच.

खरा प्रश्न ऑइलचा आहे. पाण्यापेक्षा ऑइलला तापायला जवळपास दुप्पट वेळ लागतो, चालत्या गाडीत 15 ते 20 मिनिटं. चाळीसगावहून धुळ्याकडे निघालात तर मेहुणबारे येईपर्यंत ऑइल तापलेलं असतं. पण बोढरे, रांजणगाव भागातून कन्नडला निघालं की इंजिन तापायच्या आधीच घाट लागतो. तिथं मागे माल भरलेला असेल तर खालच्या गिअरमध्ये, घाई न करता चढवावी. थंड ऑइल घट्ट असतं, आणि टर्बोच्या गाडीत तर टर्बोचं सगळं त्या ऑइलवरच चालतं.

मग उभी किती ठेवायची? आताच्या इंजेक्शनच्या गाडीला अर्धा-एक मिनिट पुरे. चोकच्या जुन्या गाडीची गोष्ट वेगळी होती. डिझेलला कॉइलचा पिवळा दिवा विझू द्यावा, मग सेल मारावा. पुढचे आठ-दहा किलोमीटर रेस न करता चालवावं. चालत्या गाडीत इंजिन लवकर तापतं, उभ्या गाडीत इंधन फुकट जातं. आणि बंद शेडमध्ये, पत्र्याच्या खोलीत गाडी चालू ठेवून तापवूच नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बेशुद्ध पडेपर्यंत कळत नाही.

जास्त नुकसान होतं ते रोजच्या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांनी. गाव ते फाटा, फाटा ते गाव. एक लिटर पेट्रोल जळालं की जवळपास एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. बहुतेक सायलेन्सरमधून जातं, थोडं ऑइलमध्ये उतरतं. इंजिन पूर्ण तापलं तर ते उडून जातं, नाहीतर साचतं. ऑइलच्या झाकणाखाली पिवळट साय दिसते ती यामुळे. मात्र सोबत कूलंटही कमी होत असेल तर गॅसकेटची शंका, लगेच मिस्त्रीला दाखवा.

एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत आणखी एक भानगड आहे. धुरातली काजळी अडवायला फिल्टर असतो, आणि ती काजळी जाळायला सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. छोट्या फेऱ्यांत ती मिळत नाही, फिल्टर तुंबतो, दिवा लागतो. आठवड्यातून एकदा गाडी हायवेवर वीस-पंचवीस मिनिटं सलग चालवली तर बहुतेक वेळा हा खर्च टळतो.

उन्हाळ्यात गाडी जास्त तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला काही गॅरेजवाले देतात. तो काढला की हिवाळ्यात इंजिन नीट तापतच नाही आणि ॲव्हरेज पडतं. गाडी तापत असेल तर आधी रेडिएटर, पंखा आणि पाणी तपासून घ्या. थर्मोस्टॅट बिघडला असेल तर नवा बसवा.