पहाटेचे पाहुणे

मंगळवारीं पहाटें पांच वाजतां नाशिकांतल्या एखाद्या घरांतून कोणते सूर ऐकूं यावेत, असें कोणीं विचारल्यास भूपाळीचे किंवा काकडआरतीचे, असेंच उत्तर मिळेल. आमच्या घरीं मात्र २०२० च्या पावसाळ्यांत त्या वेळीं पियानो वाजत असे, आणि तो वाजविणारा गृहस्थ न्यूयॉर्कच्या हार्लेम भागांत स्वतःच्या घरीं बसलेला असे.

त्याचें नांव एमेट कोहेन. त्या वर्षीच्या मार्चमध्यें महामारीमुळें तिकडील जॅझचे क्लब बंद पडले, तेव्हां त्यानें आपल्या राहत्या घरांतूनच दर सोमवारीं रात्रीं साडेसातला मैफल करण्याचा व ती यूट्यूबवरून जगाला दाखविण्याचा उपक्रम आरंभिला. साथीला दोघे: रसेल हॉल हा माणसाहूनहि उंच असा बास उभ्यानें छेडी, आणि काइल पूल ड्रमवर असे. तिकडे सोमवारची रात्र, तर इकडे मंगळवारची पहाट. हिवाळ्यांत त्यांचीं घड्याळें तासभर मागें जातात, म्हणजे आपल्याकडे सहा वाजतात.

हा शोध माझ्या पुतण्याचा. नोकरी पुण्याची, पण टाळेबंदीमुळें तो घरूनच काम करी. आरंभीं कानांत यंत्र घालून एकटाच ऐके. परंतु आमच्या मामंजींची झोप ऐशीं वर्षांची, चारलाच उडते. त्यांनीं पन्नास वर्षें हौसेनें तबल्याची साथ केली. गांवांतल्या बैठका बंद झाल्यापासून त्यांची बोटें पाटावर, ताटावर, सांपडेल तेथें चालत, आणि त्यामुळें जेवतांना सासूबाईंशीं रोज खटका उडे. एके पहाटें ते नातवाच्या मागें उभे राहून म्हणाले, “अरे, तो काय वाजवतो आहे तें आम्हांला दिसतें आहे; ऐकूं तरी दे.”

सासूबाईंची पहिली हरकत वेळेची. रात्रीचें गाणें पहाटें ऐकायचें, हें त्यांच्या मनाला पटेना. मालकंस कोणी न्याहारीच्या वेळीं गातो काय? त्या संगीताला प्रहरांचें बंधन नाहीं, क्लब रात्रीं उघडतात म्हणून तें रात्रीचें झालें, हें पुतण्यानें समजावलें. त्यावर “मग ठीक आहे, पण अंघोळ करून बसा,” एवढ्यावर तडजोड झाली.

मामंजींची अडचण निराळी होती. त्यांना सम सांपडेना. पुतण्या स्वतः फार जाणता नव्हे, तरी त्यानें कागदावर लिहून दाखविलें कीं, यांतल्या पुष्कळशा चिजा चार-चार मात्रांच्या बत्तीस खंडांच्या असतात. आठ खंडांची ओळ दोनदां, नंतर अंतऱ्यासारखा आठ खंडांचा वेगळा तुकडा, आणि पुन्हा पहिली ओळ. मूळ चीज एकदां वाजवून झाली कीं तिच्याच सांगाड्यावर प्रत्येकजण आवर्तनामागून आवर्तन उपज करतो, आणि शेवटीं सारे मूळ चिजेवर परततात. म्हणजे एकशें अठ्ठावीस मात्रांचें आवर्तन! मामंजींनीं बोटांचीं पेरें मोजण्यास सुरुवात केली. पहिल्या दोन मंगळवारीं ते वाटेंतच हरवले. तिसऱ्या मंगळवारीं पियानो, बास आणि ड्रम तिघेहि एका क्षणीं मूळ ओळीवर उतरले, आणि त्याच क्षणीं मामंजींचा हात मांडीवर पडला. त्यांच्या तोंडून “आऽहा!” असा जो उद्गार निघाला, तो आम्हीं पांच महिन्यांत ऐकला नव्हता.

टाळी मात्र शेवटपर्यंत जमली नाहीं. आपण पहिल्या मात्रेवर जोर देतों. ड्रमवाला डाव्या पायाखालचीं झांजेचीं जोडपात्रें दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मिटतो. आमचें सारें घर उलट्याच जागीं टाळ्या देई. मामंजींना बासचें फार अप्रूप वाटे. तबल्याच्या एकलवादनांत लेहेरा एकच राहतो, तबलजी बदलतो. येथें आवर्तन सांभाळणारा बास मात्रेमात्रेला पाऊल टाकीत चालतो, पण एकदां गेलेल्या वाटेनें सहसा पुन्हा जात नाहीं. चार खंड पियानोनें वाजवावे, चार ड्रमनें, असें सुरू झालें कीं त्यांना सवाल-जवाबाची आठवण होई.

खरें पाहतां हें संगीत मराठी घराला अगदींच परकें नाहीं. चिक चॉकलेट या नांवानें गाजलेला गोव्याचा ट्रंपेटवादक सी. रामचंद्र यांच्या वाद्यवृंदांत होता, आणि १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटांत तो पडद्यावरहि दिसतो. सासूबाईंना हें सांगतांच त्यांचा विरोध निम्मा मावळला.

एके दुपारीं पुतण्यानें बिल एव्हान्स याच्या त्रयीचें ध्वनिमुद्रण लावलें. तें २५ जून १९६१ रोजीं न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरांतल्या क्लबांत झालें. त्यानंतर अकरा दिवसांनीं बासवादक स्कॉट लाफारो मोटार-अपघातांत गेला, अवघ्या पंचविसाव्या वर्षीं. त्यांत श्रोत्यांचें बोलणें आणि पेल्यांचा किणकिणाट स्पष्ट ऐकूं येतो. “ऐकायला आले होते कीं खायला?” सासूबाईंनीं विचारलें. आम्हीं मात्र चहाचे कप हळूच खालीं ठेवले.

हार्लेमच्या त्या खोलींत आमची दाद पोंचत नव्हती, ही मामंजींची खंत. न्यूयॉर्क येथून सुमारें साडेबारा हजार किलोमीटर. कांचतंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारें दोन लाख किलोमीटर धांवला तरी एक-सोळांश सेकंद लागतोच, आणि मधल्या यंत्रांचा विलंब धरला तर आपल्याला दिसतें तें कांहीं सेकंदांपूर्वींचें. एकत्र वाजविणाऱ्यांना सेकंदाच्या तिसाव्या भागाएवढा उशीरहि खपत नाहीं. टाळेबंदींत आपापल्या घरीं बसून ताल धरणें वादकांना कां अशक्य झालें, आणि हे तिघे एका खोलींत कां जमत, त्याचें कारण हेंच.

“दाद पोंचत नाहीं तें समजलें,” मामंजी म्हणाले. “पण यांची बिदागी कोण देतो?”

पुतण्या गप्प झाला. ऐकणें विनामूल्य होतें. इच्छा असेल त्यानें देणगी पाठवावी, अशी सोय होती. आम्हीं सहा मंगळवार ऐकलें होतें आणि एक पैसा दिला नव्हता. घरांत वाद झाला. माझे यजमान म्हणाले कीं, जगांतले हजारों लोक ऐकतात, आपल्या चार पैशांनीं काय होणार. शिवाय आपलाहि पगार कापला गेला आहे. तें खरेंच होतें. मामंजी चिडले नाहींत. त्यांनीं विष्णु दिगंबरांची गोष्ट काढली. पलुस्करबुवांनीं दरबारांतलें गाणें तिकीट लावून सार्वजनिक सभागृहांत आणलें, १९०१ मध्यें लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलें, पुढें मुंबईच्या विद्यालयाची इमारत कर्जापायीं गेली आणि ते याच नाशिकांत येऊन राहिले. “त्यांच्या गांवांत बसून फुकट ऐकायचें? आपल्या घरीं येऊन वाजवलें तर रिकाम्या हातानें पाठवलें असतें का?”

यजमान कांहीं बोलले नाहींत. संध्याकाळीं त्यांनींच पुतण्याला आपलें कार्ड दिलें. तो दहा डॉलर भरणार, इतक्यांत सासूबाई स्वयंपाकघरांतून म्हणाल्या, “दहा नाहीं, अकरा. वर एक ठेव.”

पुढच्या मंगळवारीं दिवाणखान्यांत सतरंजी अंथरली होती. पुतण्या सवयीप्रमाणें मधेंच चहा करायला उठूं लागला, तेव्हां मामंजींनीं पडद्यावरची नजर न काढतां त्याला हातानें खालीं बसविलें.