कोटी होनांचा किल्ला आणि खोटी नाणी

मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली ती २५ नोव्हेंबर १६६४ रोजी. या किल्ल्यावर एक कोटी होन खर्ची पडले, असं आजही सांगितलं जातं. ऑनलाइन नाणी विकणाऱ्याला अशी आख्यायिका आयतीच सापडते. समजा, एखाद्या जाहिरातीत ‘सिंधुदुर्गाच्या बांधणीवेळचा अस्सल होन’ असं लिहिलंय आणि फोटोत एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरं आहेत. ही जाहिरात तिथेच खोटी ठरते. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला ६ जून १६७४ ला. त्याआधी दहा वर्षं, किल्ल्याचे चिरे बसत असताना, ‘छत्रपति’ हा किताब मिरवणारा होन कुठून येणार? तेव्हा चलनात असलेले होन विजयनगरच्या वळणाचे, दक्षिणेकडून आलेले.

महाराजांच्या नावाचा अस्सल सोन्याचा होन अत्यंत दुर्मिळ आहे. प्रतिकृती मात्र उघडपणे विकल्या जातात आणि प्रतिकृती म्हणून विकण्यात काहीच गैर नाही. तीच ‘घरात सापडली’ म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात मारली जाते, तेव्हा ती फसवणूक होते. यावर वजनासारखा साक्षीदार नाही. होन भरतो साधारण पावणेतीन ग्रॅम. सोन्याची घनता १९.३, पितळेची साडेआठच्या आसपास. म्हणजे त्याच आकाराचा, त्याच जाडीचा पितळी होन काट्यावर जेमतेम सव्वा ग्रॅम भरेल. वजन जुळवायचं तर नाणं दुपटीहून जाड करावं लागतं आणि ते कडेच्या फोटोत लगेच कळतं. म्हणूनच संशयास्पद जाहिरातीत दोन गोष्टी हटकून नसतात : वजन आणि कडेचा फोटो.

तांब्याच्या शिवराईची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचीही. शिवराई महाराजांबरोबर संपली नाही. पेशवाईत ती पाडली जात राहिली आणि इंग्रजी अमलातही बाजारात चालली. नाव तेच, मजकूर तोच. मजकुराच्या मधे दोन आडव्या रेघा असलेली ‘दुदांडी’ शिवराई ही नंतरची. अशी नाणी काही शे रुपयांत मिळतात. तीच ‘महाराजांच्या हयातीतली’ म्हणून हजारोंना विकली, तर नाणं खरं असूनही व्यवहार खोटाच. जुन्या, पूर्ण वजनाच्या शिवराया साधारण अकरा ते तेरा ग्रॅमच्या. पुढे वजन उतरत गेलं. नाणं महाराजांच्या काळातलं आहे असं म्हणणाऱ्याला अक्षरवळण आणि वजन या दोन्हींचा हिशेब देता आला पाहिजे.

बनावट शिवराई ओळखायची एक खूण घरबसल्या तपासता येते. शिवराई हातोड्याने ठोकून पाडत. ठसा दर वेळी थोडा सरकायचा. एका नाण्यावर ‘श्री’ अर्धी कापलेली, दुसऱ्यावर ‘पति’ कडेबाहेर, तिसऱ्याच्या कडेला चीर. दोन नाणी तंतोतंत सारखी निघणं जवळजवळ अशक्य. एकाच विक्रेत्याकडे पाच शिवराया असतील आणि पाचांवर ‘श्री’ त्याच जागी तुटलेली, खड्डा त्याच जागी दिसत असेल, तर त्या एका साच्यातून ओतलेल्या आहेत. ओतीव नाण्यावर बारीक हवेची छिद्रं दिसतात, अक्षरांच्या कडा वापरलेल्या साबणासारख्या गुळगुळीत असतात आणि कडेला कधी जोडाची रेघही सापडते.

ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाने ‘१८१८, यूकेएल वन आना’ असं लिहिलेल्या, देवादिकांची चित्रं असलेल्या चकत्यांचा इथे उल्लेख केलाच पाहिजे. कंपनीने असं नाणं कधीच पाडलं नव्हतं. त्या देव्हाऱ्यात ठेवाव्यात, लाखाची स्वप्नं त्यांच्यावर पाहू नयेत.

नाण्याची पारख कशी करावी, याचा उत्तम धडा राज्याभिषेकाच्या वेळचाच आहे. १६७४ मध्ये इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला. आमची नाणी तुमच्या राज्यात चालावीत, ही त्याची एक मागणी होती. महाराजांचं उत्तर त्याच्या वृत्तांतात आहे : कोणतंही नाणं चालायला आमची मनाई नाही, पण ज्यात रयतेचं नुकसान होईल ते घ्यायची सक्ती आम्ही तिच्यावर करणार नाही, कसाला आणि वजनाला इतर नाण्यांच्या तोडीचं असेल, तर खुशाल चालावं. मोबाइलवर नाणं घेणाऱ्यानेही हाच कस लावावा.

उलट्या दिशेची फसवणूक तर गावोगाव पोचली आहे. ‘वैष्णोदेवीचं नाणं, ७८६ क्रमांकाची नोट द्या, लाखो घ्या’ म्हणायचं आणि मग नोंदणी शुल्क, कमिशन, कर असे पैसे आधी उकळायचे. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचं नाव आणि बोधचिन्हही वापरलं गेलं. अशा व्यवहारांशी आमचा काही संबंध नाही, असं बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं.

‘शेतात नांगराला लागलं’ असं सांगणाऱ्यापासून तर चार हात दूरच राहा. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या निधीची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणं १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी खाजगी व्यक्तीने परदेशी पाठवणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने बेकायदेशीर आहे.

तेव्हा पैसे पाठवण्याआधी वजन मागा, कडेचा फोटो मागा, तोच फोटो आणखी कुठे आहे का ते इंटरनेटवर शोधा, आणि परतीची हमी लेखी घ्या. फसलातच तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा. आणि आजीच्या पेटीत शिवराई सापडली, तर ती चिंच-आमसुलाने घासून लख्ख करू नका. तिच्यावरची काळसर झाक जपा, वजन आणि फोटो वहीत नोंदवा आणि ती घरातच ठेवा.