कॉफी दळण्याचे यंत्र बिघडते तेव्हा

ज्या घरांनी दगडी जाते वापरले त्यांना कॉफीच्या विजेवरील यंत्रातला मुख्य दोष ओळखणे अवघड नाही. जात्याचे दगड गुळगुळीत झाले की पीठ भरड पडते आणि टाकी लावून, म्हणजे छिन्नीने टोचे मारून, त्यांना पुन्हा खरबरीत करावे लागते. यंत्रातील ‘बर’, म्हणजे दातेरी पोलादी चकत्यांची जोडी, झिजल्यावरही हेच घडते, परंतु त्या कठीण पोलादाला घरी धार लावणे शक्य नसल्याने जोडीच बदलावी लागते. तथापि चकत्यांवर खापर फोडण्याची घाई बहुधा महागात पडते, कारण गडद भाजलेल्या बियांचे तेल आणि शिळी भुकटी दातांत साचल्यानेही दळण असमान होते, आणि तिथे कोरडा ब्रश पुरतो.

मोटर गुणगुणते पण फिरत नाही, तेव्हा चकत्यांत खडा अडकल्याचा संभव मोठा असतो. प्लग काढून, वरची चकती उचलून तो बाहेर काढावा. मोटर पूर्ण मूक असेल तर आधी झाकण नीट बसले आहे का ते पाहावे, कारण झाकणाखालची सुरक्षा-कळ दाबली गेल्याशिवाय कित्येक यंत्रे सुरूच होत नाहीत. त्यानंतर कार्बन ब्रश, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवता पोचवता घासून आखूड होणारे तुकडे, तपासावेत; ते झिजले असल्यास नवी जोडी त्याच मापाची घ्यावी.